पांढऱ्या वाळूच्या बेटावर मी केलेलं धुणं

त्या दिशी त्या घरात कोण कोण व्हतं ते आदी सांगते, म्हंजे पुढं कुणावर भलता आळ यायाचा न्हाई. मी हौसाबाई, वय सत्तरीच्या पल्याड. माझा थोरला ल्योक तानाजी, पलटणीतनं हवालदार हून सुटलेला. त्येची बायको सुनंदा. त्यांची लेक पल्लवी, मिरजेला दवाखान्यात नर्स हाय. आमी चौघं पावणी. घरची म्हंजे सुमय्या, तीबी त्याच दवाखान्यात नर्स, पल्लवी आन ती एका खोलीत ऱ्हात्यात. सुमय्याची आई, तिला समदी उम्मा म्हणत्यात. सुमय्याची थोरली बहीण रझिया, ती बाळंतीण. आन रझियाची बारा दिसांची लेक. तिचं नाव मला नीट म्हणाय येत नव्हतं, मी तिला चिमणी म्हणायची.

मी तिसरी शिकलेली. हे मी बोलले तसं सुनंदानं वहीत उतरवलं. लिवता लिवता ती दोनदा म्हणाली, "आत्याबाई, एवढं गाळू का?" मी म्हणले, "न्हाई. तेच तर सांगायचं हाय."

निघालो ते

आमचं गाव दहिवडीच्या पल्याड, माणात. पल्लवी सुट्टीला आली की मोबाईल माझ्या नाकाम्होरं धरती. "आज्जी, जगात कसलं कसलं समुद्रकिनारं हाइत बघ." एका ठिकाणी वाळू गुलाबी, लगीनघरातल्या अक्षतागत. एका ठिकाणी फुटक्या काचा लाटांनी घासून घासून गोट्या झाल्यात, पोरं त्यावर अनवाणी चालत्यात. एका ठिकाणी म्हणं समुद्र रोज कोसभर मागं जातो आन परत येतो.

मी म्हणले, "आमच्या हिरीचं पाणी एकदाच मागं गेलं, परत आलंच न्हाई. त्येचा फोटू कुणी काढला न्हाई."

तानाजी लय हासला. पण पल्लवीनं मनावर घेतलं. परदेशातलं झेपायचं न्हाई, पण तसल्या दोन जागा आपल्या देशात हाइत म्हणाली. एक कारवारजवळ. दुसरी लक्षद्वीपला, सुमय्याचं बेटच तितं. सुमय्या बहिणीच्या बाळंतपणाला गेली व्हती, तिच्या घरच्यांनी बोलावणं धाडलं. परवान्याचं कागद तानाजीनं केलं. बेटाचं नाव मी घेणार न्हाई. त्या घरानं माझी लाज राखली, आता मी त्यांचं नाव गावभर कशाला करू.

तिळाची वाळू

सांगलीला गाडीत बसलो आन कारवारला उतरलो. तितनं रिक्षानं माजाळी म्हणून गाव हाय, तितवर गेलो. पुढं एक खडकाळ टेकडी चढून पल्याड उतरायचं. माझं गुडघं बोलाय लागलं. सुनंदा म्हणाली, "आत्याबाई, बसा हितंच." मी म्हणले, "शिखर शिंगणापूरच्या पायऱ्या चढलेली बाई मी, ही टेकडी काय."

खाली उतरलो तर वाळू काळी. काळी म्हंजे कोळशागत न्हाई, तिळागत. मुठीत घेतली तर एकेक दाणा सुटा, चकाकणारा. त्या जागेचं नावच तिळमाती. मी वाकून वास घेतला. सुनंदा म्हणाली, "कुटून चटणी करावी वाटतीया." दोन्ही अंगाला खडक, मधी एवढीशी ती काळी वाळू, त्यावर लाटंचा पांढरा फेस. काळ्या इरकल लुगड्याला पांढरा काठ लावावा तशी ती जागा दिसती. मी तासभर पाय सोडून बसले. माणसं नव्हती फारशी. लाट येऊन मांडीपतूर भिजवून गेली, तवा तानाजी म्हणाला, "आई, मागं सर की." मी म्हणले, "आसू दे. आपणहून आलंय पाणी."

सांच्याला एका कोळणीच्या घरी बांगडा आन भात खाल्ला. काटा माझ्या घशात रुतला. ती बाई कोंकणीत कायतरी वरडली आन भाताचा गोळा करून माझ्या तोंडात कोंबला. सासूनं कवा भरवलं न्हाई असं तिनं भरवलं. काटा गेला. ज्येला जमंल त्यानं ही जागा बघावी, पण बांगडा सावकाश खावा.

पांढरं बेट

कारवारवरनं रेल्वे, कोचीवरनं बोट. बोटीत मला उलट्या झाल्या, ते सोडा.

सकाळच्या पारी बोटीवरनं बेट दिसलं तवा वाटलं, कुणीतरी पाण्यावर माडांची जुडी उभी करून ठिवलीया. सुमय्या धक्क्यावर व्हती. तिचं मराठी मिरजेच्या दवाखान्यात शिकलेलं, त्यामुळं ती कुणालाबी भेटली की पयलं इचारती, "कुठं दुखतंय?" मला मिठी मारून तेच इचारलं. मी म्हणले, "आता कुठंच न्हाई."

तितली वाळू रांगोळीगत पांढरी. दुपारच्या उन्हात अनवाणी गेलं तरी पाय भाजत न्हाईत. आमच्या माळावर चैतात पाय ठिवला तर फोड येतो, मी तर घाबरत घाबरत एक पाय टाकला. गार. सुमय्या म्हणाली, ही दगडाची वाळू न्हवं, समुद्रातल्या पोवळ्याचा चुरा हाय. पाणी आदी हिरवं, मग निळं, मग मोराच्या मानंगत. लाटच न्हाई. लांब एक पांढरी रेघ दिसती, लाटा तितंच फुटत्यात, अल्याड समदं तळ्यागत. गुडघाभर पाण्यात आमी एवढं लांब चालत गेलो की घर दिसंना. मी पायाकडं बघितलं तर एक शंख चालाय लागलेला. मी वरडले. पल्लवी खदाखदा हासली, "आज्जी, आत खेकडा हाय, भाड्यानं ऱ्हातोय."

बेटाच्या टोकाला वाळूची शेपटी हाय. दोन्ही अंगानं पाणी, मधून आपण. दोन्हीकडच्या बारीक लाटा मधी येऊन एकमेकीला भेटत्यात आन तितंच जिरत्यात. मी जन्मात तसलं बघितलं न्हाई. पोरपणी आमी झिऱ्यातनं वाटीवाटीनं घागर भरायचो. घागर भरस्तोवर दिवस डोक्यावर यायचा. आन हितं नजर जाईल तितवर पाणीच.

पण त्यातलं घोटभर पिता येत न्हाई. ते उम्मानं पयल्याच दिशी सांगितलं व्हतं. तिच्या बोलीत ती सांगायची, सुमय्या मराठी करायची. मागल्या दारी हीर हाय, तिचं पाणी मचूळ, ते धुण्याभांड्याला. त्येच्या शेजारी शिमिटाची झाकणबंद टाकी, तिच्यात छपरावरनं आलेलं पावसाचं पाणी. ते निस्तं पिण्याला, सैपाकाला आन बाळंतिणीला. बेटावर खाऱ्याचं गोडं करायचं यंत्र हाय, पण ते बिघडलेलं, सामान पुढल्या बोटीनं येणार. तवर थोडं थोडं पाणी धक्क्यावर वाटत्यात. पाऊस एक महिन्यानं.

मी मान हालवली. "आमाला शिकवू नगंस म्हणावं, आमी टँकरची माणसं." उम्मा हासली. तिनं मला टुना मासा वाळवून खोबऱ्यात परतलेला वाढला. मी तिला माझी शेंगदाण्याची चटणी दिली. ती बोटानं चाटून चाटून खायाची आन डोळ्यातलं पाणी पुसायची.

हितंच एक सांगितलं पायजे. दोन वर्सांमागं सुमय्या उन्हाळ्यात आमच्या घरी आली व्हती. मोरीत अंघोळीला बसली, पाण्याचा आवाज आला, तशी मी दार ढकलून आत गेले आन तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. "दोन तांबे. हितं आठ दिस पुरवायचं असतंय." पोरगी वल्ल्या केसानं तशीच बसून ऱ्हायली. ह्या गोष्टीचा मला लय दिस अभिमान व्हता. मी गावात सांगायची, शेरातल्या पोरींना पाणी कळत न्हाई म्हणून.

फोन

चौथ्या दिशी तानाजी मासेमारांबरोबर गेला. सुनंदा, पल्लवी, सुमय्या वाळूच्या टोकाला. उम्मा कुणाच्या तरी घरी. रझिया आत झोपलेली. मी पडवीत चिमणीला मांडीवर घिऊन बसलेली. सकाळी मीच तिला तेल चोळलं व्हतं, आपल्याकडच्यागत पायावर घिऊन. उम्माला ते आवडलं व्हतं.

सुनंदाचा फोन हितंच ऱ्हायलेला. तो वाजला. गावाकडनं पुतण्या बोलत व्हता. माझा चुलत दीर, अप्पा, गेला. सकाळीच.

ज्येला ठावं न्हाई त्येच्यासाठी सांगते. भावकीतलं माणूस गेलं की ऐकलं तितनं सुतक. डोक्यावरनं अंघोळ करायची, अंगावरचं, हातरुणातलं, ज्येला हात लागला ते समदं पाण्यातनं काढायचं. आन बारा दिसांचं लेकरू माझ्या मांडीवर.

लेकराला सुतक लागलं, माझ्यामुळं, परमुलखात, ज्यांनी माझी सोय केली त्यांच्या घरात. त्यांच्यात सुतक मानत्यात का न्हाई, ते मी इचारलं न्हाई. चिमणीला झोळीत ठिवलं, तिची दुपटी गोळा केली, माझं लुगडं, सुनंदाचं, तानाजीचं कपडं, चादरी. हिरीपाशी गेले. पण हिरीच्या पाण्यात साबणाला फेस येत न्हाई. दुसऱ्या दिशी मी त्यात लुगडं धुतलं व्हतं, ते वाळून पापडागत कडक झालेलं. तसली कडक दुपटी लेकराच्या अंगाला? मी टाकीच्या तोटीखाली बादली लावली. मनात म्हणले, दुपट्यांपुरती एक. बाळाचंच काम हाय.

मग डोक्यावरनं अंघोळ, ती खाऱ्या पाण्यानं कशी करायची, म्हणून दुसरी. मग चादरी. मग तानाजीचं धोतर, सुनंदाची पातळं, कारण सुतक तर चौघांनाबी. धुणं हातात आलं की हाताला थांबता येत न्हाई. टाकी शिमिटाची, आत किती हाय ते दिसत न्हाई, हे मी कुणाला सांगितलं तर खरं वाटंल. पण खरं तसं न्हाई. तोटी बारीक झाली तवा मला कळलं. तोटीचा आवाज मला न कळंल तर कुणाला कळंल? उभा जल्म त्या आवाजावर काढला. तरीबी शेवटची बादली मी भरली. लुगड्याला साबण व्हता, तो काढायचा व्हता, एवढ्यासाठी.

तोटीनं एक उचकी दिली आन थांबली.

मी धुणं वाळत घातलं. दोन माडांच्या मधी दोरी व्हती, ती समदी भरली.

तोटी

दुपारी समदी आली. उम्मानं रझियासाठी चहाला पातेलं तोटीखाली धरलं. आतनं निस्ती हवा आली. तिनं झाकण काढून आत बघितलं, परत लावलं. सुमय्याला कायतरी म्हणाली. सुमय्याचं तोंड उतरलं.

"तोटी कुणी उघडी ठेवली?" सुमय्यानं मराठीत इचारलं. म्हंजे आमालाच.

पल्लवीनं दोरीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "मी सकाळी पाय धुतले. बंद करायची राहिली वाटतं."

"तू?" सुमय्या म्हणाली. "पल्लवी, टँकरच्या गावची तू? घरात बाळंतीण हाय, तुला दिसत न्हाई?"

"चुकलं."

"चुकलं काय! तू नर्स हायस न्हवं? बाळाला काय पाजायचं आईनं, समुद्र?"

मी तितंच उभी व्हते. वल्लं लुगडं नेसून. तोंड उघडलं न्हाई. मला तोंड न्हाई असं न्हाई, गावात माझ्या तोंडाला लोक वचकून असत्यात. पण ज्या पोरीच्या हातातनं मी तांब्या काढून घेतला, तिच्याम्होरं काय बोलू?

वाईच वेळानं शेजारच्या बाया याय लागल्या. एकेकीच्या कमरंवर एकेक कळशी. उम्मानं कुणाला बोलावलं न्हवतं, पण बेट केवढं, टाकी रिकामी झाली हे कळाय कितीसा वेळ. एकीनं टाकीत वतली, ती गेली. दुसरी आली. एक म्हातारी आली, माझ्याच वयाची, तिच्याकडं कळशी नव्हती, डबा व्हता. तिनंबी तो वतला. त्या बायांच्याबी घरी पाऊस महिन्यानंच येणार व्हता. एक कळशी कमी झाली की घरात काय काय कमी होतं ते मला मोजून सांगता येतं. त्या जाताना माझ्याकडं बघून हासायच्या, पावणीकडं बघून हासत्यात तसं. मला वाटलं, ह्यांनी थुकावं तर बरं.

सुतकाचंबी मी कुणाला बोलले न्हाई. बोलले असते तर धुण्याचं कारण उघडं पडलं असतं. तानाजीचा चुलता गेलेला, आन तो दोन दिस समुद्रात पोहत ऱ्हायला.

पल्लवीला मी एकटी गाठून म्हणले, "पोरी, मी सांगते सुमय्याला."

ती म्हणाली, "राहू दे आज्जी. तुझं वय झालंय. मला चार बोलणी जड नाहीत."

मला तेवढंच पायजे व्हतं. मी गप बसले.

पण ती बोलणी चार नव्हती. सुमय्या तिच्याशी बोलंना. जेवताना ताट सरकवून द्यायची, बास. तिसऱ्या सकाळी मी पडवीत ऐकलं, सुमय्या म्हणाली, "मिरजेला गेल्यावर मी दुसरी खोली बघते. मला तुझ्यासंगं राहायचं नाही." चार वर्सं त्या पोरी एका ताटात जेवलेल्या. पल्लवीला करोनात ताप आला तवा सुमय्यानं तिचं डोकं मांडीवर घिऊन रात काढलेली. पल्लवी बादली उचलून हिरीकडं गेली.

रांग

मी कोपऱ्यातली घागर उचलली आन धक्क्याकडं निघाले, जितं पाणी वाटत्यात. घरात पाणी आणून टाकलं की माझं पाप वाईच हलकं हुईल असं मनात. बोलायचं धाडस तवाबी नव्हतंच. उम्मा मागनं आली, घागर वढाय लागली. मी सोडंना. शेवटी तीबी एक कळशी घिऊन संगं आली.

रांग लांब. समदी सावलीला बसलेली, घागरी तेवढ्या रांगेत. अगदी आमच्यागत. मी उम्माशेजारी बसले. मला तिची बोली येत न्हाई, तिला माझी न्हाई. बसून बसून ती माझ्याकडं सरकली. माझ्या लुगड्याचा पदर दोन बोटात धरला आन चोळला. मग सोताच्या अंगावरच्या कापडाचा काठ माझ्या हातात दिला. मी चोळला. कडक. मिठानं खरखरीत. तिनं परत माझा पदर माझ्या हातात दिला.

मऊ. गोड्या पाण्यात धुतलेला.

टाकी रिकामी झाली त्याच दिशी, दोरीवरचं धुणं काढताना तिला कळलं व्हतं. ती दोन दिस गप बसली. मी गप बसले ते माझ्यासाठी, ती गप बसली तेबी माझ्यासाठीच. मी डोक्यावरनं पदर घिऊन रडले. तिनं माझ्या पाठीवर हात ठिवला न्हाई. निस्ती बसून ऱ्हायली. मग आमचा नंबर आला.

घरी गेले ती घागर डोक्यावर तशीच ठिवून म्हणले, "सुमय्या, टाकी मी रिकामी केली. पल्लवीनं न्हाई." मग चुलत दिराचं सांगितलं, सुतकाचं, चिमणीचं, शेवटच्या बादलीचंबी सांगितलं. तानाजी खाली बसला. "अप्पा गेलं?" म्हणाला. "आई, दोन दिस झालं?" बास, तेवढंच.

सुमय्यानं माझ्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली. मग म्हणाली, "आज्जी, दोन तांब्यात अंघोळ तुमीच मला शिकवली. मी अजून तशीच करते."

मी म्हणले, "व्हय."

मग ती पल्लवीवर वरडली, "आन तू खोटं का बोललीस? मी तुला काय काय बोलले!"

पल्लवी म्हणाली, "तुझ्या नजरेतून आज्जी पडू नये म्हणून." आन माझ्याकडं वळून म्हणाली, "पण तू दोन दिवस पडू दिलंस मला, आज्जी."

बोट येस्तोवरचं दोन दिस मी रोज रांगेत बसले. मला कुणी म्होरं सोडलं न्हाई, मीबी गेले न्हाई. त्या टोकाच्या वाळूवर परत गेले न्हाई. एवढी चांगली जागा, पण मला तितं जायाचं त्वांड नव्हतं.

दोघी पोरी मिरजेला एकाच खोलीत हाइत. पण पल्लवी सुट्टीला आली की आता मोबाईल दाखवत न्हाई, मी मागितला तर देती.

निघताना उम्मानं माझ्या पिशवीत एक बाटली घातली. बोटीवर बघितली, तर पाणी. पावसाचं, गोडं. मला ते पिववंना आन वतवंना. शेवटी कोची येस्तोवर घोट घोट करून संपवलं, थेंब सांडला न्हाई.

जो कुणी हे वाचंल त्याला माझं एवढंच मागणं हाय. तिळाची वाळू बघा, पांढरी वाळू बघा, जगात आणखी असतील त्याबी बघा. पण ज्या घरी उतराल तितं तोटीला हात लावायच्या आदी पाणी कुठनं येतं ते इचारा, आन सांगितलं तर ते ऐका. आन तुमची चूक दुसऱ्यानं अंगावर घेतली, तर तितल्या तितं बोला. दोन दिस थांबू नका.